पावसाळी जंगलातल्या पक्ष्यांसाठी कॅमेऱ्याबाहेरचा फ्लॅश: आधी उजेड वाचा, मग फ्लॅश लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणच्या बाजूला एका ओढ्याकाठी परवानगी घेऊन हाइड, म्हणजे लपून बसायचा आडोसा, उभारलं आहे. जून ते ऑगस्ट तिथून तिबोटी खंड्या आणि नवरंग यांचे फोटो काढायचे आहेत. कॅमेरा फुल-फ्रेम, लेन्स १००-४००, आणि एक फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर. फोटोत पक्षी चपटा येतो, डोळ्यात पांढरट चकाकी येते आणि मागचं जंगल काळंठिक्कर पडतं. कोस्टा रिकातल्या हमिंगबर्डच्या फोटोंसारखे चार फ्लॅश बाजूंनी लावले तर हे सुटेल का? पॉवर किती ठेवायची? आणि पक्ष्याला त्रास होतो का?

आधी सरळ उत्तर देतो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा केलात की चपटेपणा आणि डोळ्यातली चकाकी जाईल. काळी पार्श्वभूमी मात्र जाणार नाही, उलट वाढण्याचीच शक्यता आहे. ती घालवायची किल्ली फ्लॅशमध्ये नसून शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) आणि आयएसओत (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आहे. चार फ्लॅशची गरज नाही, एकावर उत्तम काम होतं. त्रासाबद्दल खाली वेगळं लिहितो, कारण त्याचं उत्तर पक्षी कोणता आहे आणि तुम्ही त्याच्या घरट्यापासून किती लांब आहात यावर ठरतं.

आता काळ्या पार्श्वभूमीचं गणित बघू. जवळजवळ प्रत्येकाची गाडी इथेच अडते.

श्रावणातल्या ढगाळ दुपारी दाट झाडीखाली ओढ्याकाठी कॅमेऱ्याने उजेड मोजलात तर साधारण आयएसओ १६००, एफ ५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो मोठा तितकं छिद्र लहान), शटर १/६० असं काहीतरी येईल. फ्लॅश लावला की बहुतेक जण सवयीने आयएसओ ४००, एफ ८, १/२५० वर जातात, कारण फ्लॅश आहे म्हटल्यावर आयएसओ कशाला वाढवायचा असं वाटतं. आता हिशोब करा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा अर्धा. आयएसओमुळे दोन स्टॉप गेले, शटरमुळे दोन आणि छिद्रामुळे एक. म्हणजे जंगलातल्या मूळ उजेडापेक्षा तुम्ही पाच स्टॉप खाली आलात. त्या सेटिंगवर फ्लॅश बंद करून फोटो काढून बघा, पडदा जवळजवळ काळा दिसेल. फ्लॅश पेटल्यावर जे काही दिसतं ते फक्त फ्लॅशने उजळलेलं असतं, आणि फ्लॅशचा उजेड मागच्या झाडीपर्यंत पोचत नाही.

का पोचत नाही? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशपासून पक्षी ४ मीटरवर आणि मागची झाडी ९ मीटरवर असेल तर झाडीवर पक्ष्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका उजेड पडतो, म्हणजे सव्वादोन स्टॉप कमी. आता तोच फ्लॅश स्टँडवर लावून पक्ष्यापासून २ मीटरवर नेलात. झाडी फ्लॅशपासून ७ मीटरवर राहिली. अंतराचं गुणोत्तर साडेतीन झालं आणि झाडीवर बाराव्या हिश्श्याइतकाच उजेड उरला, म्हणजे साडेतीन स्टॉपहूनही जास्त कमी. फ्लॅश जितका पक्ष्याजवळ तितकी पार्श्वभूमी अंधारी. म्हणून नुसता फ्लॅश बाहेर काढून काळेपणा जात नाही.

हमिंगबर्डच्या फोटोंशी तुलना इथेच थांबते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या लॉजवर हमिंगबर्डसाठी चार-पाच फ्लॅश लावतात तेव्हा मागे बऱ्याचदा छापील किंवा रंगवलेला पडदा टांगलेला असतो आणि त्याच्यावरही वेगळा फ्लॅश असतो. नैसर्गिक उजेड मुद्दाम पूर्ण मारलेला असतो, कारण सेकंदाला पन्नासच्या आसपास फडफडणारे पंख गोठवायचे असतात. तिथे तो उजेडाचा स्टुडिओच असतो. आपल्याला कोकणातला पावसाळा दाखवायचा आहे. ओलं शेवाळ, मागचा हिरवा धूसर पडदा आणि ढगातून झिरपणारा राखाडी उजेड या सगळ्यासकट तो पक्षी हवा आहे. मग जंगलाच्या उजेडाला फोटोत जागा द्यायलाच हवी.

मी वापरतो ती पद्धत अशी. फ्लॅश बंद ठेवून, मॅन्युअल मोडवर, मूळ उजेड एक स्टॉप कमी येईल असं एक्स्पोजर ठरवतो. वरच्या उदाहरणात एफ ५.६ चं एफ ८ केलं, बाकी आयएसओ १६०० आणि १/६० तसंच ठेवलं, की झालं. एफ ८ घेण्यामागे दुसरंही कारण आहे. ४०० मिमीवर ४ मीटर अंतरात एफ ८ ला फुल-फ्रेमवर जेमतेम ५ सेंटिमीटरची खोली स्पष्ट येते. तिबोटी खंड्याची चोच, डोळा आणि खांदा एकत्र नीट यायला तेवढी लागतेच. आता फोटो काढला की जंगल थोडं सावळं, पण जिवंत दिसतं. पक्षीही सावळा दिसतो. उरलेला अर्धा उजेड फ्लॅशने भरायचा. अर्धा ढगाचा, अर्धा फ्लॅशचा, पक्षी पूर्ण उजळतो आणि पार्श्वभूमी एक स्टॉप मागे राहते. पक्षी उठून दिसायला एवढा फरक पुरतो.

पॉवर किती? साठ गाइड नंबरचा नेहमीचा फ्लॅश धरा. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचं माप, मीटरमधलं अंतर गुणिले एफचा आकडा. सॉफ्टबॉक्सच्या, म्हणजे फ्लॅशपुढे लावायच्या कापडी पेटीच्या, कापडात अंदाजे दोन स्टॉप जातात, म्हणजे प्रत्यक्षात तीस उरले. हा आकडा आयएसओ १०० चा. आयएसओ चौपट केला की गाइड नंबर दुप्पट होतो, म्हणून १६०० ला तो १२० झाला. २ मीटर अंतर आणि एफ ८ याला लागतो २ गुणिले ८, म्हणजे १६. सोळाला एकशेवीसने भागून आलेल्या उत्तराचा वर्ग काढलात तर १/५६ च्या आसपास येतं. म्हणजे पूर्ण एक्स्पोजरला १/६४ पॉवर, आणि आपल्याला अर्धंच हवं म्हणून १/१२८. बऱ्याच लोकांना हा आकडा ऐकून धक्का बसतो, कारण ते १/२ किंवा १/४ वर फ्लॅश मारत असतात. हे गणित सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरा, मग जागेवर चाचणी घेऊन अर्धा-एक स्टॉप इकडेतिकडे करा. एवढ्या कमी पॉवरवर बॅटरी दिवसभर पुरते, फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो आणि पक्ष्यावर पडणारा झोतही सौम्य असतो.

चाचणी पक्ष्यावर घ्यायची नाही. पक्षी यायच्या कितीतरी आधी, फांदीवर तो बसेल त्याच जागी एक लहान बटाटा टोचून ठेवा. बटाट्याची साल मध्यम छटेची असते, आकारही खंड्याच्या धडाच्या आसपासचा. त्यात दोन्ही बाजूंना मंगळसूत्रातले असतात तसे चकचकीत काळे मणी बसवा. मणी म्हणजे डोळा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून त्या मण्यात फ्लॅशचा ठिपका कुठे पडतोय ते बघा. घड्याळाच्या दहाच्या किंवा दोनच्या जागी एकच, थोडा मोठा, मऊ कडांचा ठिपका दिसला म्हणजे जागा बरोबर. ठिपका मण्याच्या मध्यावर असेल तर फ्लॅश लेन्सच्या फार जवळ आहे. खालच्या बाजूला असेल तर फ्लॅश पक्ष्याच्या पातळीखाली गेलाय आणि चेहरा भुतासारखा उजळेल. दोन ठिपके दिसले तर दुसरा फ्लॅश जास्त बोलतोय, त्याची पॉवर कमी करा किंवा बंदच करा. पक्ष्याचा डोळा हा बहिर्गोल आरसा आहे, समोरचा प्रत्येक दिवा त्यात दिसतो, आणि बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

डोळ्यातल्या पांढरट चकाकीचं कारणही कोनात आहे. बाहुलीतून आत गेलेला उजेड आतल्या पडद्यावरून परत जवळजवळ आला त्याच वाटेने बाहेर पडतो. लेन्स त्या वाटेवर असेल तर चकाकी टिपली जाते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सच्या मध्यापासून साधारण १५ सेंटिमीटर वर असतो. ४ मीटरवर हा कोन दोन अंशांचा होतो, १० मीटरवर एका अंशाहूनही कमी. म्हणून लांबच्या पक्ष्यावर चकाकी जास्त येते. फ्लॅश बाजूला ४५ अंशांवर नेला की प्रश्नच मिटतो. रातवा, घुबड, बिबट्या अशा रात्रीच्या जिवांत चकाकी फार तीव्र असते, तिथे तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरूच नये.

फ्लॅश डावीकडे की उजवीकडे? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि त्याचं उत्तर जागेवर उभं राहून वर बघितलं की मिळतं. ओढ्यावर झाडीत कुठेतरी आभाळाची फट असते. जंगलातला उजेड तिथूनच येतो. फांदीशेजारी हात धरून बघा, हाताची कुठली बाजू उजळ दिसते ते कळेल. फ्लॅश त्याच बाजूला, पक्ष्याच्या डोक्याहून एक-दीड मीटर उंच, खाली झुकवून लावा. असं केलं की फ्लॅशची सावली नैसर्गिक सावलीवरच पडते आणि फोटो बघणाऱ्याला फ्लॅश जाणवतही नाही. उलट बाजूला लावलात तर दोन सूर्य असल्यासारख्या दोन सावल्या येतात, आणि कितीही महागडी सामग्री असली तरी ते लपत नाही.

मऊपणा डिफ्यूझरच्या, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या पडद्याच्या, आकारावर आणि अंतरावर असतो. फ्लॅशच्या तोंडावर बसवायची ती चिमुकली पांढरी टोपी उघड्यावर जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण ती उजेड चहूकडे उधळते आणि जंगलात तो परत फेकायला पांढऱ्या भिंती नसतात. ८ सेंटिमीटर रुंदीचा उघडा फ्लॅश २ मीटरवरून पक्ष्याला बिंदूसारखाच असतो. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स त्याच अंतरावर चांगला रुंद उजेड देतो आणि ढगाळ आभाळाच्या प्रकाशाशी जुळतो. त्याला बाहेरून मातकट हिरव्या कापडाचं आवरण शिवून घ्या. पांढरं कापड फक्त पक्ष्याकडच्या बाजूला हवं, तेही आत दबलेलं. स्टँड आणि सॉफ्टबॉक्स फोटोच्या दिवशी अचानक उभे करू नका. आठवडाभर आधी रिकामे ठेवा, पक्षी त्यांना झाडोऱ्याचा भाग मानायला लागू देत. वाऱ्याने हलणारी वस्तू पक्ष्याला फ्लॅशपेक्षा जास्त बुजवते, म्हणून स्टँडच्या पायात दगडाची पिशवी अडकवा आणि कापड घट्ट ताणून बांधा.

पावसाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण फ्लॅश बाहेर काढण्याचा सगळ्यात मोठा फायदा कोकणात पावसातच मिळतो.

कॅमेऱ्यावर फ्लॅश असताना लेन्ससमोर अर्ध्या मीटरवरून पडणाऱ्या थेंबावर ४ मीटरवरच्या पक्ष्याच्या तुलनेत चौसष्ट पट उजेड पडतो. सहा स्टॉप जास्त. त्यामुळे फोटोभर पांढरे गोल फुगे दिसतात. फ्लॅश बाजूला नेलात आणि त्याचा झोत फक्त फांदीच्या परिसरात राहिला, की लेन्ससमोरचे थेंब अंधारातच राहतात. फक्त पक्ष्याच्या आसपासचे थेंब उजळतात, आणि ते हवेच असतात. फ्लॅश बाजूकडून थोडा मागे, पक्ष्याच्या पाठीमागच्या अंगाला सरकवला तर थेंब काचेसारखे चमकतात.

मूळ उजेड आणि फ्लॅश यांच्या मिश्रणात पाऊस कसा दिसतो तेही समजून घ्या. २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने पडतो. १/६० सेकंदात तो सुमारे ११ सेंटिमीटर खाली येतो, म्हणून ढगाच्या उजेडात त्याची रेघ उमटते. १/१२८ पॉवरचा फ्लॅश सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. तेवढ्यात थेंब एक तृतीयांश मिलिमीटर हलतो, म्हणजे गोठतोच. एकाच फोटोत धूसर रेघा आणि त्यांच्या टोकांना लखलखीत मणी येतात. रिअर कर्टन सिंक (शटर बंद होण्याच्या अगदी आधी फ्लॅश पेटणं) ठेवलात तर मणी रेघेच्या खालच्या टोकाला येतो आणि थेंब पडताना दिसतो. नेहमीच्या सिंकला, म्हणजे शटर उघडताच फ्लॅश पेटला तर, मणी वरच्या टोकाला येतो आणि पाऊस उलटा चढल्यासारखा वाटतो. हा बारकावा बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतो.

सामग्री भिजण्याबद्दल एक धोक्याची गोष्ट. फ्लॅशच्या आत कपॅसिटर असतो आणि त्यात ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतदाब साठलेला असतो. फ्लॅशवर जाड पारदर्शक पिशवी घाला, पण खालची बाजू उघडी ठेवा, नाहीतर आत दमटपणा साचतो. ओल्या हाताने फ्लॅशच्या पायाचे धातूचे ठिपके हाताळू नका. पाणी आत शिरलेला फ्लॅश घरी उघडून वाळवायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. रात्री सगळं सिलिका जेलच्या डब्यात.

आता टीटीएल (कॅमेरा लेन्समधून उजेड मोजून पॉवर स्वतः ठरवतो) की मॅन्युअल (पॉवर आपण ठरवतो). फांदी ठरलेली, फ्लॅश ठरलेला, अंतर बदलत नाही, मग मॅन्युअल. टीटीएलमध्ये मुख्य झोताआधी मोजमापासाठी एक छोटा झोत सुटतो. काही पक्षी तेवढ्यात पापणी किंवा डोळ्यावरचा पातळ पडदा ओढतात आणि फोटोत डोळा अर्धा मिटलेला येतो. शिवाय स्वर्गीय नर्तकाचा पांढराशुभ्र नर आला की मोजमाप गडबडतं आणि काळसर शीळकरी कस्तुर आला की उलट्या बाजूने गडबडतं.

हायस्पीड सिंक (फार वेगवान शटरवरही फ्लॅश चालवायचा मोड) हे नाव ऐकून लोकांना वाटतं की वेगवान हालचाल त्याने गोठते. प्रत्यक्षात त्या मोडमध्ये फ्लॅश एका झोताऐवजी असंख्य बारीक झोत सलग सोडतो, शटरची फट सरकत असेपर्यंत. त्यात पॉवर बरीच जाते आणि आखूड झोताने गोठवण्याचा गुणही जातो. भर उन्हात उघड्या छिद्रावर पोर्ट्रेट काढायला तो मोड चांगला. पावसाळी जंगलात १/२०० किंवा १/२५० च्या आत राहा आणि हालचाल गोठवायचं काम कमी पॉवरच्या आखूड झोतावर सोपवा. हेच तत्त्व वापरून अमेरिकी अभियंते हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात एमआयटी या तंत्रसंस्थेत इलेक्ट्रॉनिक स्ट्रोब विकसित केला आणि हमिंगबर्डचे पंख गोठवले. आजच्या छोट्या फ्लॅशमध्ये पॉवर कमी केली की झोत मध्येच तोडला जातो, म्हणून तो आखूड होतो. जुन्या धाटणीच्या स्टुडिओ लाइटमध्ये बऱ्याचदा उलटं असतं, पॉवर कमी केली की झोत लांबतो. लग्नाच्या फोटोग्राफर मित्राकडून मोठा लाइट आणायचा विचार असेल तर हे आधी तपासा.

अर्धा-अर्धा उजेड ठेवण्याला एक मर्यादा आहे. पक्षी हलला तर ढगाच्या उजेडातली त्याची पुसट प्रतिमा आणि फ्लॅशमधली स्पष्ट प्रतिमा एकमेकांवर येतात. तिबोटी खंड्या बसल्यावर बराच वेळ निश्चल असतो, मधूनच डोकं वर-खाली करतो. डोकं स्थिर झालं की शटर दाबा, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा बीनबॅगवर असू द्या. नवरंग जमिनीवर उड्या मारत पानं उलथत असतो, त्याच्यासाठी आयएसओ ३२०० आणि शटर १/१२५ घ्या. आजचे कॅमेरे तेवढं सहज पेलतात. मिररलेस कॅमेऱ्यावर आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलात तर बहुतेक मॉडेलवर फ्लॅश पेटतच नाही, मेकॅनिकल शटरवर या. रेडिओ ट्रिगर फ्लॅशच्या अगदी जवळ असेल तर कधीकधी दगा देतो. काही ट्रिगरमध्ये ०-३० मीटरचा वेगळा पर्याय असतो, हाइडमध्ये तो चालू ठेवा. फ्लॅशचं आपोआप झोपणंही बंद करा.

पिसांच्या रंगाबद्दल थोडं. शिंजीर नराच्या गळ्यावरची चमक रंगद्रव्याची नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड विशिष्ट कोनात परततो, म्हणून ती दिसते. समोरून उघडा फ्लॅश मारला की तिथे पांढरे जळलेले ठिपके येतात, आणि अगदी बाजूने मारला तर गळा काळा पडतो. मोठा सॉफ्टबॉक्स लेन्सपासून तीस-चाळीस अंशांवर ठेवला की बरेच कोन एकदम भरले जातात आणि जांभळा-हिरवा रंग पसरून दिसतो. झाडीखालचा उजेड हिरवट असतो आणि फ्लॅशचा नसतो. फ्लॅशवर अगदी फिका हिरवा जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावला की पोट गुलाबी-पांढरं आणि पाठ हिरवट असा विचित्र भेद उरत नाही. तेवढं नसेल जमत तर रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि घरी जुळवा.

आता त्रासाचा प्रश्न. तो प्रश्नकर्त्याने सगळ्यात शेवटी विचारलाय, पण माझ्या मते फ्लॅश पिशवीतून बाहेर काढायचा की नाही हे त्यावरच ठरायला हवं.

दिवसा वावरणाऱ्या पक्ष्याची बाहुली ढगाळ उजेडातही बऱ्यापैकी आकुंचलेली असते आणि १/१२८ चा मऊ झोत त्याला विजेच्या लखलखाटापुढे काहीच वाटत नसावा, असं त्यांचं वागणं बघून मी म्हणतो. पहिल्या झोताला बहुतेक पक्षी मान वळवून फ्लॅशकडे बघतात. तेव्हा थांबा. दुसरा फोटो लगेच घेऊ नका. तो पुन्हा पंख साफ करायला किंवा पाण्याकडे बघायला लागला, तरच पुढे जा. अंग आवळून, पिसं चिकटवून, मान ताणून बसला असेल तर तो घाबरलेला आहे. तसाच राहिला तर फ्लॅश बंद करा आणि त्या सत्रापुरता बंदच ठेवा. एकामागून एक पंचवीस झोत मारण्याचं कारण मला कुठल्याच फोटोत दिसलेलं नाही.

घरट्यापाशी फ्लॅश नको, आणि यात अपवाद नाही. तिबोटी खंड्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खणून अंडी घालतो, आणि कोकणात त्याचे बरेचसे फोटो पिलांना भरवतानाचेच असतात. चोचीत सरडा, खेकडा किंवा बेडूक धरून पक्षी फांदीवर बसला आहे आणि बराच वेळ झाला तरी ना गिळतो ना जातो, तर समजा की बीळ जवळ आहे आणि तुम्ही त्याच्या वाटेत आहात. तो फोटो कितीही मोहाचा असला तरी त्या क्षणी सामान आवरा. हाइडची जागाच चुकली आहे, ती बदला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्यांना वा अंड्यांना उपद्रव देणं येतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात छायाचित्रणासाठी परवानगी लागते, आणि व्याघ्र प्रकल्पातल्या सफारीत फ्लॅश चालत नाही.

घुबडं आणि रातव्यांसाठी मी रात्री फ्लॅश वापरत नाही. अंधाराला पूर्ण सरावायला माणसाच्या डोळ्यालाही वीस-तीस मिनिटं लागतात. झोताने दिपलेला पक्षी त्याच क्षणी उडाला तर फांदी किंवा तार त्याला दिसेलच असं नाही, शिकार सोडून द्यावी लागते ती वेगळीच. गव्हाणी घुबड संधिप्रकाशात बाहेर पडतं, पिंगळा दिवसाही ढोलीच्या तोंडाशी बसलेला दिसतो, आणि १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडलेला रानपिंगळा तर दिवसाच वावरतो. त्यांना उजेडात गाठा.

आंबोलीत जूनच्या रात्री बेडूक आणि चापडे (विषारी साप) बघायला जाणाऱ्यांसाठी तत्त्व तेच, अंतर फक्त हातभर. फ्लॅश हातात किंवा सोबत्याच्या हातात, छोटा चौकोनी डिफ्यूझर, बाजूने आणि थोडा मागून. चापड्याच्या खवल्यांवरचा उठाव आणि मलबारी उडत्या बेडकाच्या बोटांमधला पडदा बाजूच्या उजेडातच कळतो. त्वचा ओली असल्याने समोरचा फ्लॅश नुसता चकाकतो. प्राणी उचलून सोयीच्या पानावर ठेवणं, बेडकाच्या फेसाच्या घरट्याची फांदी वाकवणं, नराचं ओरडणं थांबलं तरी टॉर्च रोखून धरणं हे सगळं वर्ज्य.

बिबट्या किंवा इतर सस्तन प्राण्यांसाठी कॅमेऱ्याबाहेरचा फ्लॅश म्हणजे सेन्सरवर चालणारा कॅमेरा ट्रॅप. भारतात हे काम नवं नाही. १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने तेव्हाच्या संयुक्त प्रांतात (आजचे उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड) वाटेवर तार बांधून आणि मॅग्नेशियमचा भडका वापरून वाघाचे रात्रीचे फोटो मिळवले होते. आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे मुंबईच्या नयन खानोलकर यांचा आरे वसाहतीतल्या गल्लीतून जाणारा बिबट्या. २०१६ साली 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी विभागात तो विजेता ठरला. त्यात फ्लॅश अशा जागी लावले होते की त्यांचा उजेड गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखाच वाटावा, आणि कॅमेरा असा की बिबट्याने चौकट व्यापू नये. तो फोटो नीट बघा. उजेड कुठून यायला हवा हे आधी त्या जागेला विचारायचं, असं मी वर ओढ्याबद्दल लिहिलं, तेच तिथे रात्रीच्या वस्तीत केलेलं दिसतं. असं काम करायचं तर वन विभागाची परवानगी आणि वस्तीतल्या लोकांची संमती दोन्ही हवं, आणि बिबट्या कुठे दिसतो ती नेमकी जागा कुणालाही सांगू नये.

खरेदीबद्दल. चार फ्लॅश घेऊ नका. तुमच्याकडे आहे तोच फ्लॅश चालेल, फक्त त्याला जुळणारा रेडिओ ट्रिगर घ्या. फ्लॅशमध्येच रिसीव्हर नसेल तर एक रिसीव्हर घ्या. एक जड स्टँड आणि ६० सेंटिमीटरचा घडीचा सॉफ्टबॉक्स, एवढं पुरे. पेन्सिल सेल वापरणारा फ्लॅश असेल तर चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचे दोन संच. एक अख्खा पावसाळा यावर काढा. दुसरा फ्लॅश घ्यावासा वाटला तर तो पक्ष्यावर न लावता मागच्या झाडीवर, अगदी कमी पॉवरवर, झाडीच्या बाजूने लावून बघा. सकाळी उजेड फारच कमी असताना आणि आयएसओ आणखी वाढवायचा नसताना त्याचा खरा उपयोग होतो. तिसऱ्याची गरज हाइडमध्ये मला कधी भासलेली नाही.